लिंक रोडवरचे पाच-सहा किलोमीटर

नाशिकच्या अंबड परिसरातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षे गणित शिकवले. दहावीनंतर कोण पुढे शिकले आणि कोण थांबले याची नोंद ठेवायला मला कोणी सांगितले नव्हते, तरी माझ्यापुरती एक वही मी ठेवत असे आणि थांबलेल्या मुलांच्या नावापुढे कारण लिहीत असे. कामाला लागला, लग्न ठरले, वडील आजारी, पुन्हा नापास, अशी ती कारणे असत. २०१७ साली एका मुलीच्या नावापुढे मी पहिल्यांदा ‘प्रवास’ असे लिहिले.

ती चुंचाळे घरकुलात राहणारी. दहावीला शाळेत दुसरी आली, गंगापूर रोडवरच्या कॉलेजात अकरावी विज्ञानाला तिला प्रवेश मिळाला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने कॉलेज सोडले. मी घरी गेले तेव्हा तिच्या आईने माझ्यासमोर बसून बोटांवर हिशेब मांडला. घरकुलापासून त्रिमूर्ती चौकापर्यंत सीटवर चालणारी रिक्षा, तिथून सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, सीबीएसवरून गंगापूर रोडची तिसरी रिक्षा, आणि येताना पुन्हा तेच. सवलतीचा बसपास काढलेला होता, परंतु सकाळची बस वेळेत मिळेल याची खात्री नसायची आणि प्रॅक्टिकल बुडले की सरांची बोलणी बसायची, म्हणून आठवड्यातले तीन-चार दिवस रिक्षाच करावी लागे. महिन्याला दीड-दोन हजार रुपये नुसते येण्याजाण्यात जात होते आणि आई तीन घरची धुणीभांडी करून साडेसहा हजार मिळवत होती. “बाई, पोरीला शिकवायची हौस आहे हो मला, पण रस्त्यावरच पैसे संपतात,” असे ती म्हणाली. त्यावर मला काही बोलता आले नाही. कॉलेजची फी माफ होण्यासाठी अर्ज कुठे करायचा हे मी सांगू शकत होते, रिक्षाच्या भाड्यासाठी अर्ज करायची जागा नव्हती.

नाशिकच्या मेट्रोची चर्चा जेव्हा जेव्हा वर येते, तेव्हा मी तिच्याकडे या एका पानावरून पाहते. माझी मागणी एवढीच आहे की मेट्रोचा राखीव मार्ग सातपूर-अंबड लिंक रोडनेही जावा.

प्रकल्पाची हकिगत थोडक्यात अशी आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये नाशिकच्या मेट्रोला मान्यता दिली. केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेट्रो निओ’ या प्रकाराची तांत्रिक मानके जाहीर केली आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाची घोषणा झाली. मेट्रो निओ म्हणजे रुळांवरून धावणारी गाडी नव्हे. रबरी टायरच्या, दोन-तीन भाग जोडलेल्या लांब विजेच्या गाड्या, डोक्यावरच्या तारांमधून वीज घेत, बहुतांश उन्नत, म्हणजे खांबांवरच्या, अशा स्वतःच्या मार्गावरून धावणार होत्या. वाहतूक अभियंते हलक्या रेल्वेचे म्हणून जे काम सांगतात, म्हणजे बसपेक्षा जास्त आणि मोठ्या मेट्रोपेक्षा कमी प्रवासी, ठरलेल्या वेळी आणि इतर वाहनांच्या गर्दीत न अडकता नेणे, तेच काम तिच्याकडून अपेक्षित होते. सुमारे तेहतीस किलोमीटरच्या दोन मुख्य मार्गिका आखल्या गेल्या. पहिली श्रमिकनगर-सातपूरच्या बाजूने सीबीएस आणि द्वारका चौकामार्गे नाशिकरोडपर्यंत, आणि दुसरी गंगापूरकडून मुंबई नाक्यापर्यंत. याखेरीज पूरक म्हणून तारांशिवाय, बॅटरीवर, साध्या रस्त्यावरून गाड्या चालवण्याचे मार्ग सुचवले होते आणि सातपूरकडून गरवारे पॉइंटमार्गे मुंबई नाक्याकडे येणारा मार्ग त्यांपैकी एक होता. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी खांब उभा राहिलेला नाही आणि निओ की नेहमीची मेट्रो, असा वाद अधूनमधून नव्याने सुरू होतो.

आराखड्याचे जे श्रेय आहे ते द्यायला हवे. पहिली मार्गिका श्रमिकनगर आणि सातपूर या कामगारवस्त्यांपासून सुरू होते, ही गोष्ट लहान नाही. मात्र सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींना जोडणारा लिंक रोड, त्या रस्त्याच्या कडेची चुंचाळ्याची घरकुले, दत्तनगर, अंबड गाव आणि खाली महामार्गापर्यंतची सगळी भाड्याच्या खोल्यांची वस्ती मुख्य मार्गिकेच्या बाहेर राहते. जिथे घरोघरी मोटारी आहेत त्या गंगापूर रोडला स्वतंत्र उन्नत मार्ग, आणि जिथे एका खोलीत चार कामगार राहतात त्या भागाला रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढणारी पूरक गाडी, असे त्याचे चित्र होते. पूरक गाडी मुळीच नको असे माझे म्हणणे नाही. पण स्वतःचा मार्ग नसलेली गाडी सकाळी पावणेसातला लिंक रोडवरच्या एक्स्लो पॉइंटवर ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा आणि सायकली यांच्या गर्दीत तितकीच अडकेल जितकी आजची बस अडकते, आणि मग माझ्या विद्यार्थिनीच्या आईचा हिशेब आहे तसाच राहील.

चुंचाळ्याची घरकुले तिथे आपोआप उगवलेली नाहीत. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेखाली महापालिकेने शहरातल्या झोपडपट्ट्यांमधील कुटुंबांसाठी ती बांधली. डोक्यावर पक्के छप्पर आले, नळ आला, संडास आला, ही खरोखर मोठी गोष्ट होती आणि ती मी स्वतः पाहिली आहे. परंतु या कुटुंबांची कामे होती ती जुन्या जागेच्या आसपासच राहिली. कोणी बाजार समितीत हमाली करत होते, कोणी बंगल्यांमध्ये घरकाम, कोणी भद्रकालीत हातगाडी लावत होते. पूर्वी पायी जाता येणारी कामे एकाएकी आठ-दहा किलोमीटर दूर गेली. माणसांना शहराच्या कडेला नेऊन वसवायचा निर्णय ज्या शहराने घेतला, त्या कडेपर्यंत भरवशाची गाडी नेणे ही त्याच निर्णयाची राहिलेली अर्धी बाजू आहे, असे मला वाटते.

हीच गोष्ट मी गेल्या वर्षी फार वेगळ्या ठिकाणी पाहिली. माझा भाचा नोकरीनिमित्त पॅरिसच्या ईशान्येकडील उपनगरात राहतो. त्याच्याकडे तीन आठवडे राहिले, तेव्हा मी त्याला म्हटले की मला क्लिशी-सू-ब्वा बघायचे आहे. “मावशी, तिथे बघण्यासारखं काही नाही,” असे तो म्हणाला, पण सुट्टीच्या दिवशी घेऊन गेला.

क्लिशी-सू-ब्वा पॅरिसपासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर आहे. तिथल्या आणि शेजारच्या मोंफर्मेयमधल्या मोठमोठ्या गृहसंकुलांची उभारणी १९६० च्या दशकात झाली, ती या भागातून एक महामार्ग जाणार आहे या भरवशावर. तो महामार्ग झालाच नाही. आगगाडीचे स्थानकही आले नाही. ज्यांना परवडत होते ते निघून गेले, उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेली गरीब कुटुंबे तिथे राहिली, आणि पंधरा किलोमीटरवरच्या राजधानीत कामाला जायला बस आणि लोकल धरून तास-दीड तास लागू लागला. २७ ऑक्टोबर २००५ रोजी पोलिसांपासून पळताना दोन किशोरवयीन मुले विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि धक्का बसून मृत्युमुखी पडली. त्यानंतर क्लिशीत जी दंगल पेटली ती देशभर पसरली, तीन आठवडे चालली आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. दंगलीमागे पोलिसांची वागणूक, बेकारी, वंशभेद अशी अनेक कारणे होती, आणि ती सारी वाहतुकीवर ढकलणे चुकीचे होईल. तरीही त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत हा भाग तुटलेला आहे, येथून कुठेही वेळेवर जाता येत नाही, हा मुद्दा येतच राहिला.

दंगलीनंतर वर्षभराने शेजारून एक हलकी रेल्वे धावू लागली. टी-४ या नावाची ही गाडी ओल्ने ते बोंदी या जेमतेम आठ किलोमीटरच्या जुन्या लोहमार्गावर नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाली. तो मार्ग एकोणिसाव्या शतकातला असून अंडी-कोंबड्यांच्या व्यापाऱ्यांच्या नावाने ओळखला जात असे. बोंदीला तिला पॅरिसकडे जाणारी लोकल मिळते. या मार्गाला मधल्या गार्गां स्थानकापासून फाटा काढून तो क्लिशीतून मोंफर्मेयच्या रुग्णालयापर्यंत न्यावा, अशी योजना होती. लांबी साडेसहा किलोमीटर, थांबे अकरा. हा फाटा वाटेतल्या दोन बऱ्या स्थितीतल्या गावांमधून जाणार होता. तिथे विरोध झाला. रस्ता अरुंद होईल, मोटारी लावायला जागा उरणार नाही, दुकानांचे गिऱ्हाईक जाईल, अशी कारणे पुढे आली आणि वर्षांमागून वर्षे गेली. पहिला टप्पा १४ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाला, तर रुग्णालयापर्यंतचा टप्पा ऑगस्ट २०२० च्या अखेरीस. दंगलीनंतर साडेसहा किलोमीटर जायला चौदा-पंधरा वर्षे लागली.

आम्ही गार्गांहून त्या गाडीत बसलो. चढावर गाडी सावकाश जात होती आणि तिचा जमिनीलगतचा तळ फलाटाशी इतका सारखा जुळत होता की एक म्हातारी बाई भाजीने भरलेली चाकांची पिशवी न उचलता नुसती ढकलत आत आली. तिच्यामागे बाबागाडी घेतलेली एक तरुण मुलगी आणि अंगावर रुग्णालयाच्या कामाचा पोशाख असलेली एक स्त्री चढली. कोणीही धावत आले नाही, कोणी लोंबकळले नाही. थांब्यावरच्या फलकावर पुढची गाडी किती मिनिटांनी आहे हे दिसत होते. एवढी साधी गोष्ट पाहून माझे डोळे भरून आले, आणि भाच्याला त्याचे कारण समजावून सांगताना मला त्या वहीतले पान आठवले.

त्या एका फाट्याने क्लिशीचे दारिद्र्य संपलेले नाही. इमारतींची दुरवस्था, बेकारी यांवर वेगळी कामे चालू आहेत आणि पॅरिसभोवतीच्या नव्या मेट्रोचे एक स्थानकही तिथे होणार आहे. पण बस अडकली म्हणून मुलाखत हुकली, असे आता त्या मुलांना पूर्वीइतके म्हणावे लागणार नाही.

नाशिकला स्वतःच्या मार्गावरची गाडी अगदी नवी नाही, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन रोडपासून नाशिकरोडच्या स्थानकापर्यंत घोड्यांची ट्राम धावत असे. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांना परिचित झालेली ‘बार्शी लाइट’ ही छोटी रेल्वे याच गृहस्थाने उभारली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ट्राम बंद पडली. त्या काळी शहर आणि स्थानक यांच्यामध्ये बहुतेक रानच होते आणि तरीही गाडी स्थानकापर्यंत नेली गेली, कारण माणसांना जायचे तिथे होते. रस्ता कोणत्या वस्तीतून जातो याआधी माणसे कुठून कुठे जातात हे पाहावे लागते, आणि हीच गोष्ट आजच्या मोजणीत सुटते असा माझा मुख्य आक्षेप आहे.

कोणत्याही मार्गिकेचा अहवाल तयार करताना चौकाचौकांत वाहने मोजली जातात, घरोघरी जाऊन लोक रोज कुठे आणि कशाने जातात हे विचारले जाते आणि त्यावरून भावी प्रवाशांचा अंदाज बांधला जातो. गणित शिकवणारी म्हणून मला या पद्धतीबद्दल आदर आहे, पण तिच्यात एक उघड उणीव आहे. ती आज होणारे प्रवास मोजते. परवडत नाही म्हणून न झालेले प्रवास तिच्यात येत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीने कॉलेज सोडले त्या दिवसापासून ती कोणत्याही सर्वेक्षणात गंगापूर रोडची प्रवासी राहिली नाही. तिची आई पुढे जवळच्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला कमी पगारावर लागली, म्हणजे तीही मोजणीतून गेली. जो माणूस अंबडहून सातपूरला सायकलने जातो त्याची नोंद ‘सायकल’ अशी होते, ‘भरवशाची गाडी मिळाली असती तर तिने गेला असता’ अशी होत नाही. अशा रीतीने जो भाग जास्त तुटलेला, त्याची मागणी कागदावर तितकी कमी दिसते, आणि मागणी कमी म्हणून तिथे गाडी जात नाही. गंगापूर रोडवर मात्र प्रत्येक मोटार मोजली जाते.

खर्चाचा प्रश्न मी टाळत नाही. तेहतीस किलोमीटरला २,०९२ कोटी म्हणजे त्या वेळच्या किमतींनी किलोमीटरला साधारण त्रेसष्ट कोटी होतात. पपया नर्सरीपासून लिंक रोडने चुंचाळे, एक्स्लो पॉइंट, पुढे गरवारे असे पाच-सहा किलोमीटर धरले तर साडेतीनशे कोटींच्या आसपास रक्कम जाते, आणि आजच्या किमतीला ती वाढेल. ही रक्कम मोठी आहे. मात्र लिंक रोड हा जुन्या नाशिकसारखा गल्लीबोळांचा भाग नाही. औद्योगिक वसाहतीतला रस्ता असल्याने त्याला रुंदी आहे, आणि बऱ्याच लांबीत खांबांऐवजी जमिनीवरच, दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना गाडीसाठी राखीव मार्गिका ठेवता येईल. जमिनीवरचा मार्ग उन्नत मार्गापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, शिवाय रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दोन जिने चढावे लागत नाहीत. तार मुख्य मार्गिकेवर आणि बॅटरी लिंक रोडवर असे ठेवले तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती राखीव मार्ग न देण्याला आणि हा भाग पहिल्या टप्प्याबाहेर ठेवण्याला, कारण दुसऱ्या टप्प्यात काय होते हे क्लिशीच्या लोकांनी पाहिले आहे.

वेळांचे म्हणणेही मांडले पाहिजे. आपल्या दोन्ही वसाहतींमध्ये पहिली पाळी सकाळी सातच्या सुमारास सुरू होते आणि दुसरी रात्री अकरा-साडेअकराला सुटते. पहिली गाडी सकाळी साडेसहाला आणि शेवटची रात्री दहाला ठेवली, तर ज्यांच्यासाठी हा विस्तार मागते आहे त्यांच्यातल्या निम्म्यांना तिचा उपयोग नाही. रात्री सुटणाऱ्या पाळीत आता स्त्रियाही आहेत. थांब्यापासून घरकुलाच्या दारापर्यंत दिवे आणि पावसाळ्यात चिखल न होणारी पायवाट नसेल, तर त्या गाडीऐवजी भावाच्या किंवा नवऱ्याच्या दुचाकीची वाट पाहत उभ्या राहतील. ८ जुलै २०२१ पासून शहरात सिटीलिंकच्या बस धावू लागल्या आणि ती सेवा या भागालाही मिळाली, याचे मी मनापासून स्वागत केले होते. त्या बसगाड्या आणि नवी मार्गिका यांचे तिकीट एकच असावे, गाडी बदलली म्हणून दुसऱ्यांदा भाडे पडू नये, कारण तीन रिक्षांच्या जागी तीन तिकिटे आली तर बोटांवरचा हिशेब बदलत नाही.

एका गोष्टीची मला भीती वाटते आणि ती मी लपवणार नाही. मार्ग जाहीर झाला की लिंक रोडलगतच्या खोल्यांची भाडी वाढतील. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, खानदेश येथून आलेले जे कामगार आज दत्तनगरला राहतात ते आणखी बाहेर ढकलले जातील, आणि मग गाडी पोहोचेल पण ज्यांच्यासाठी ती मागितली ते तिथे नसतील. म्हणून थांब्याभोवती जे वाढीव बांधकाम मंजूर होईल त्यात कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्यांचा ठरावीक वाटा मार्गिकेच्या मंजुरीबरोबरच लिहून घेतला पाहिजे. नंतर तो कोणी लिहून देत नाही.

“आधी द्वारकेचा आणि मुंबई नाक्याचा गुंता सोडवा, मग कडेच्या वस्त्यांचे पाहू,” असे मला अनेक जण सांगतात, त्यांत माझे स्नेहीही आहेत. द्वारकेला रोज अडकणाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण तिथे अडकणाऱ्या गर्दीत अंबडहून येणाऱ्या रिक्षा आणि दुचाकीही असतात, आणि त्यांतल्या काही कमी करण्याचा मार्ग लिंक रोडवरूनच सुरू होतो. आराखडा अजून कागदावर आहे. खांब उभे राहिल्यावर रेषा हलवणे फार महाग पडते, आणि आज ती हलवायला पेन्सिल पुरते.

गेल्या महिन्यात ती मुलगी मला पवननगरच्या भाजीबाजारात भेटली. आता तिचे लग्न झाले आहे, कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. मी मेट्रोचे बोलले तेव्हा तिने इतकेच विचारले, “बाई, ती सकाळी किती वाजता सुटेल?” आराखडा फेरतपासणीला येऊन नागरिकांच्या सूचना मागवल्या गेल्या की मी माझी सूचना लेखी देणार आहे. तिच्यासोबत वहीतल्या त्या पानाची प्रत, नाव झाकून, जोडीन, आणि पहिल्या गाडीच्या वेळेसमोर पहाटे साडेपाच असे लिहीन.